हातोदच्या बातम्या

स्पृहाच्या नव्या शाळेत एक पद्धत होती. सकाळची प्रार्थना झाली की नववीत नव्याने आलेल्या एकाने माईकसमोर उभं राहायचं आणि त्या दिवशीच्या पेपरच्या पहिल्या पानावरच्या पाच बातम्या वाचून दाखवायच्या. पेपर शाळेचा, बातम्या ज्याच्या त्याने निवडायच्या. हजेरीच्या क्रमाने पाळी यायची. नव्या पोरांची भीड मोडावी म्हणून हे सुरू केलं, असं शाळेचं म्हणणं.

दहावीची पोरं मागच्या रांगेत कान टवकारून उभी असायची. ऋग्वेद नावाचा एक मुलगा पहिल्याच आठवड्यात 'सर्वोच्च न्यायालय'पाशी अडला. दोनदा मागे गेला, तिसऱ्यांदा तिथेच थांबला. त्या दिवसापासून त्याचं नाव अटकन पडलं.

"मधल्या सुट्टीत ओरडतात आबा, ए अटकन, बोतल भर ला. अटकन की गाड़ी आ गई, धक्का मारो रे." स्पृहा घरी येऊन सांगायची. तिची आई हसायची. मीही हसलो. सांगणारी मात्र हसत नव्हती, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

स्पृहा माझी नात, श्रीहरीची एकुलती एक. आम्ही इंदूरच्या जुनी इंदूर भागात दोन खोल्यांत राहतो. श्रीहरी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात पाळीवर जातो. सून अमिता एका दवाखान्यात बाहेर बसून पेशंटचे नंबर लावते. आठवीपर्यंत स्पृहा गल्लीतल्याच छोट्या शाळेत होती. तिथे कोणी नापास होत नसे. चौथी आणि पाचवी तर तिने लॉकडाऊनमध्ये घरात बसून मोबाईलवरच काढली. वह्या मात्र बघत राहाव्यात अशा. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, एक काना इकडचा तिकडे नाही. पानापानाला मास्तरणीचा लाल शेरा.

त्या वह्या दाखवूनच श्रीहरीने तिला मोठ्या शाळेत नववीला घातलं. त्यासाठी तो बऱ्याच जणांच्या पाया पडला. प्रवेशाच्या वेळी ऑफिसातल्या बाबूने त्याला आणि अमिताला साफ सांगितलं होतं, "नौवीं में जो कच्चा निकला, उसको हम टीसी दे देते हैं. दसवीं का रिजल्ट बिगाड़ने वाले बच्चे नहीं चाहिए." टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. अमिता म्हणाली होती, "हमारी वाली पक्की है सर."

आमच्याकडे नवं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं. महिनाभर शाळा, मग उन्हाळ्याची सुट्टी. पुस्तकं आली त्या दुपारी मी हिंदीचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो. मी वाचायला शिकलो ते साठी उलटल्यावर. आयुष्य पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर गेलं आणि तिथे अक्षरओळख नाही हे मी कुणाला कळू दिलं नाही. कामाचा कागद पुढे आला की म्हणायचो, "कागद काय बघायचा, नमुना द्या." नमुना हातात आला की पीस हुबेहूब निघायचा, म्हणून माझा रुबाब चालून जायचा. नाहीतर चष्मा घरी राहिलेला असायचा, हाताला ग्रीस असायचं, डोळ्यात लोखंडाचा बुरादा गेलेला असायचा. सही मी चित्रासारखी काढायचो. काम सुटलं, बायको गेली, आणि गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी म्हाताऱ्यांसाठी दुपारचा वर्ग काढला, तिथे शिकलो. आता रोज सकाळी ओट्यावर बसून, ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने पेपर वाचतो. अमिता म्हणते, "बाबा, अख्ख्या गल्लीला बातम्या फुकट."

तर त्या दुपारी एक जोडाक्षर काही केल्या सुटेना.

"स्पृहा, हे काय आहे गं?"

"हात ओले आहेत आबा."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलंय. बाद में बताती हूँ ना."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आतूनच म्हणाली, "तुम्हीच ट्राय करा ना. शिकलात ना आता, मग?"

मी पुस्तक मिटलं. ही वाक्यं माझी होती. त्यांच्या आवाजातली घाईसुद्धा माझीच होती.

संध्याकाळी अमिता यायच्या आधी मी तिला समोर बसवलं. पहिला धडा कशावर आहे विचारलं. तिने सगळा धडा सांगितला, माणसांच्या नावांसकट. मी तिचा फोन माझ्या बंडीच्या खिशात घातला आणि मधलंच एक पान उघडलं.

"हे वाच."

"ते अजून शिकवलं नाही."

"शिकवलेलं नको. नुसतं वाच."

तिने पानाकडे बघितलं. 'एक' वाचलं. 'घर' वाचलं. पुढच्या लांब शब्दाचं पहिलं अक्षर धरून तिने भलताच शब्द ठोकून दिला. मग त्याच्या पुढचा. मग थांबली.

"धडा कसा आला तुला?"

"फोनला पान दाखवलं की तो वाचून दाखवतो. दोनदा ऐकलं की माझ्या लक्षात राहतं." ती नखाने चटईची काडी उकरत होती. "अक्षरं येतात मला. एकेक दिसतं. सगळी मिळून आली की हलायला लागतात. मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं."

"मास्तरणीला कधी कळलं नाही?"

"तिथे कोण वाचून घेत होतं? वह्या चेक करायच्या, बस."

मी उठलो तर तिने माझा हात धरला.

"मम्मीला सांगणार?"

"सांगावं लागेल."

"आबा, प्लीज. तुम्हाला माझी शपथ. पप्पांना कळलं ना, तर ते मारणार नाहीत, ओरडणार पण नाहीत. चुप होऊन जातील. वो ज्यादा बेकार है."

श्रीहरी तसाच आहे, माझ्यावर गेलेला. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यातच तिला वचन मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार लोटून आम्ही बसू लागलो. अंगणवाडीच्या बाईंनी मला शिकवलं तसं मी तिला शिकवायला गेलो. दुकानांच्या पाट्या, साबणाचा कागद, बिस्किटाचा पुडा. मला जे गोड वाटलं होतं त्याची तिला शरम वाटत होती. चौदा वर्षांची पोर, तिच्यापुढे मी साबणाचा कागद धरला होता.

"आबा, तुम्हाला किती टाइम लागला?"

"दोन वर्षं धर."

"माझी वाचायची पाळी पुढच्या हफ्त्यात आहे." तिने कागद बाजूला सारला. "मला वाचायला नका शिकवू. तुम्ही एवढी वर्षं कसं चालवलंत, ते शिकवा."

"ते शिकवण्यासारखं नाही पोरी."

"का? तुम्हाला कोणी पकडलं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"मग?"

वर्कशॉपमध्ये दर पगाराला सहीच्या वहीची कशी भीती वाटायची, हे सांगायचं मनात होतं. पण तिला ती भीती ठाऊक होतीच. तिला त्यातून सुटलेला माणूस दिसत होता, आणि तो मीच होतो.

शेवटी आमच्यात ठरलं. आधी ही एक सकाळ निभवायची. मग सुट्टी लागली की रोज अक्षरं, कुरकुर न करता. तिने कबूल केलं.

निभवायचं कसं, तेही तिनेच शोधलं. शाळेत येणारा पेपर आणि आमच्या घरी येणारा पेपर एकच. मी पहाटे बातम्या वाचून दाखवायच्या, तिने पाठ करायच्या, आणि माईकसमोर पेपर धरून म्हणायच्या. फोनवर का नाही, तर फोन मोठा मथळा आणि बारीक मजकूर एकत्रच वाचतो, जाहिरातीही वाचतो, तिचा गोंधळ उडतो. माझं बोट आणि माझा आवाज तिला बरा वाटला. कानाची ती पक्की होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे मान वर करून बघायचं, हे मी तिला दाखवलं. "नजर पानावर फिरती ठेव," मी म्हटलं. "एका जागी ठेवली की कळतं." हे म्हणताना मला माझा फोरमन आठवला, माझ्या हातात सर्क्युलर देऊन माझ्याकडे बघत उभा राहिलेला.

तालीम करून बघितली. आमचा पेपर येतो तेव्हा तिची वेणी चालू असते आणि व्हॅन कोपऱ्यावर वाजत असते. तेवढ्या वेळात तिच्या तीन बातम्या नीट व्हायच्या, चौथीत पहिली शिरायची.

"अजून थोडा टाइम पाहिजे आबा. पेपर जल्दी नाही मिळू शकत?"

म्हणून तिच्या वाचनाच्या दिवशी मी अंधार असतानाच चौकात गेलो. तिथे फुटपाथवर पेपरवाले गठ्ठे सोडून बसतात. आमच्याकडे पेपर टाकणारा लक्ष्मण टेम्पोत गठ्ठे चढवत होता.

"क्या बात है काका, आज खुद ही? अपने पे भरोसा नहीं रहा?"

"एक पेपर दे. जल्दी आहे."

"शहर वाला अभी आया नहीं. ये तो बाहर का है, हातोद तरफ जाएगा." हातोद म्हणजे शहराबाहेरचं मंडीचं गाव.

"पेपर तो यही है ना? नाव तो तेच आहे."

त्याने गठ्ठ्यावर बघितलं. "नाम तो यही है."

"तारीख आजचीच?"

"अब काका, कल की बेचूँगा क्या आपको?"

मी वरचं नाव वाचून बघितलं. बोट ठेवून, सावकाश. आमचंच. तारीखही बघितली. छापलेली गोष्ट सगळीकडे एकसारखी असते असं मी समजून होतो. लेथवर एका नमुन्यावरून शंभर पीस निघाले तर शंभर सारखे निघतात. पेपर घेऊन मी जवळजवळ धावत घरी आलो.

त्या दिवशी आम्हाला भरपूर वेळ मिळाला. स्पृहाने पाचही बातम्या पाठ केल्या, दोनदा न अडखळता म्हणून दाखवल्या. अमिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "वा, आज तर टीव्हीवाली झाली माझी बेटी." स्पृहाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. शाळा सुरू झाल्यापासून मी तिला तेव्हा पहिल्यांदा मोकळी बघितली.

ती व्हॅनने गेली. मला घरात राहवेना. मी रिक्षा करून शाळेपाशी गेलो आणि समोरच्या पोह्याच्या गाडीजवळ उभा राहिलो. शाळेचा भोंगा रस्त्यापर्यंत ऐकू येतो. प्रार्थना झाली. मग तिचा आवाज आला.

"आज के मुख्य समाचार. पारा चालीस के पार, अगले तीन दिन लू के आसार."

आवाज स्वच्छ होता. मी शिकवलं होतं तिथेच तिने श्वास घेतला. पोहेवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "नात आहे." तो म्हणाला, "बढ़िया बोलती है."

"हातोद मंडी में लहसुन की बंपर आवक."

भिंतीपलीकडून थोडी कुजबुज ऐकू आली.

"हातोद रोड पर नीलगाय से टकराई बाइक, दो घायल."

आता हसू फुटलं. स्पृहाचा आवाज किंचित चढला, पण ती थांबली नाही. "हातोद के मेले में इस बार..." आणि मग दुसरा आवाज आला. तो तिच्या वर्गशिक्षिकेचा, सुनीता मॅडमचा. त्यांना मी प्रवेशाच्या दिवशी ऐकलं होतं.

"एक मिनट, बेटा. ये तुम कहाँ से पढ़ रही हो?"

माईक चालूच होता.

"इस पेपर में तो हातोद कहीं है ही नहीं. दिखाओ मुझे. उँगली रखो, कहाँ लिखा है?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो गेल्यावरही भोंग्यातून काही येत नव्हतं. मग कुणीतरी मागून ओरडलं, "मैडम, हातोद की बस छूट गई!" आणि सगळं मैदान हसलं.

"चुप! एकदम चुप!" मॅडम म्हणाल्या. मग हळू, पण माईकमध्येच, "अच्छा, ये वाली पढ़ दो. ये मोटे अक्षर में है. पढ़ो, डरो मत."

मला तिचा श्वास ऐकू आला. मग एक अक्षर. मग तेच अक्षर पुन्हा. मग दुसरं. मैदान आता हसत नव्हतं, ऐकत होतं. तिसरं अक्षर आलं नाही. माईक बंद झाल्याचा खट्ट आवाज आला.

मी फाटकाशी गेलो. चौकीदार म्हणाला, "काका, छुट्टी के टाइम आना." मी म्हटलं माझी नात आत आहे. तो म्हणाला, "सबके बच्चे अंदर हैं."

दुपारी ती घरी आली, बूट काढले, जागेवर ठेवले. पाणी प्यायली. मी तिला पेपरवाल्याचं सांगायला लागलो, हातोदच्या गठ्ठ्याचं, माझ्या घाईचं. तिने ऐकून घेतलं.

"फोटो वेगळा होता आबा," ती म्हणाली. "हातात पेपर घेतला तेव्हाच मला दिसलं. आपल्या पेपरवर लसणाच्या ढिगाचा फोटो होता. तिथे कोणी मंत्री होता, हार घातलेला. मला समजलं काहीतरी गडबड आहे."

"मग थांबायचं होतंस."

"थांबून काय वाचू?"

तिचं नाव हातोद पडलं. त्या नावाने तिला सगळ्यात आधी हाक मारली ती ऋग्वेदने. त्याला त्या दिवसापासून कोणी अटकन म्हणेनासं झालं. तिच्या बेंचवर करकटकाने हातोद कोरलं, दप्तराच्या मागच्या बाजूला पेनाने हातोद लिहिलं, फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली हातोद. दप्तर अमिताने घासून धुतलं. निळा डाग पसरला आणि त्यात अक्षरं तशीच राहिली.

शाळेने आई-वडिलांना बोलावलं. मीही गेलो. सुनीता मॅडमसमोर स्पृहाच्या वह्या होत्या. बाईंचे डोळे लाल होते. "मैं तो इसे मॉनिटर बनाने वाली थी," त्या म्हणाल्या. "इतनी सुंदर कॉपी मेरी क्लास में किसी की नहीं है. मुझे लगा कि नर्वस है, इसलिए बोला पढ़ो." मग त्यांनी वह्या एकावर एक ठेवून सारख्या केल्या आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. इथे साठ मुलांच्या वर्गात तिला कोणी अक्षरं शिकवू शकणार नाही. अर्धवार्षिक परीक्षेपर्यंत थांबून मग काढण्यापेक्षा आताच टीसी न्या. पुढे ओपन स्कूलमधून, घरी बसूनच, दहावीला बसवता येईल. "वहाँ क्लास नहीं होती, तो कोई हँसेगा भी नहीं."

"मॅडम, थोड़ा टाइम तो दीजिए," अमिता म्हणाली. "मैं छुट्टी लेके खुद पढ़ाऊँगी."

"मेरे हाथ में नहीं है जी."

बाहेर आल्यावर अमिता माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं बाबा?"

"हो."

"आणि तुम्ही तिला पाठ करायला बसवलंत?"

"हो."

तिला आणखी बोलायचं होतं, पण व्हरांड्यातून पोरं जात होती. श्रीहरी काहीच बोलला नाही. घरी आला, जेवला, ताट उचललं, पाळीवर गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. स्पृहा त्याच्या ताटाकडे बघत बसायची. एकदा ती मला म्हणाली, "सांगितलं होतं ना मी."

टीसी तयार झाल्यावर ती आणायला मी आणि स्पृहाच गेलो. ऑफिसात तिला सही करायला सांगितलं. तिने सुंदर सही केली. बाबूने कागद पाकिटात घालून दिला. परत येताना आम्ही गंगवाल बस स्टँडजवळ सिटी बससाठी उभे राहिलो. ऊन डोक्यावर होतं. वर्गातली मुलं त्या वेळी आत होती, त्यामुळे रस्त्यावर तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. तरी तिने ओढणी चेहऱ्यावरून घेतली होती.

"आता तुला सुट्टीच आहे," मी म्हटलं. "रोज थोडं थोडं बसू. तू कबूल केलं होतंस."

"ते त्या दिवसाचं निभावलं असतं तर होतं आबा."

"असं नसतं गं."

"मम्मी म्हणते तिच्या दवाखान्याशेजारी पार्लर आहे, तिथे शिकायला घेतात." ती रस्त्याकडे बघत होती. "तिथे वाचावं लागत नाही. हाताने दाखवतात, तसंच करायचं."

म्हणजे नमुना.

दुरून एक बस येत होती. काचेवर ऊन चमकत होतं आणि पाटी मला दिसत नव्हती. मी डोळ्यांवर हात धरला, पहिलं अक्षर लावायला लागलो. बस अजून चौकापलीकडेच होती.

"आपली नाही," स्पृहा म्हणाली. "हातोद."

तिने एका नजरेत वाचलं होतं. न अडता, पूर्ण. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं, आणि बस आमच्यासमोरून निघून जाईपर्यंत ती स्टँडच्या भिंतीकडेच बघत उभी राहिली.